चार तारांचे दोन कॅमेरे

सायनसच्या ऑपरेशनचा व्हिडिओ लावून डॉक्टर मला म्हणाले, "चित्रात काय दिसतंय ते सोड. चित्र हलतंय कसं, ते बघ."

चित्र सारखं पुढेमागे होत होतं. दुर्बीण दोन-तीन मिलीमीटर आत जायची, लगेच तेवढीच मागे यायची, पुन्हा आत. मी ते आधीही पाहिलं होतं, पण हात थोडाफार हलणारच, असं धरून सोडून दिलं होतं.

"एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघ," ते म्हणाले. "ओवता येतो, पण डोकं इकडेतिकडे करत राहावं लागतं. मी तेच करतोय. दुर्बिणीला एकच डोळा आहे, त्यामुळे खोली कळत नाही. हलवलं की जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी. त्यावरून अंदाज घ्यायचा."

आणि अंदाज कुठे घ्यायचा, तर नाकाच्या आत. सायनस आणि डोळ्याची खोबण यांच्यामधलं हाड इतकं पातळ असतं की त्याच्या लॅटिन नावातच कागद आहे. वरच्या बाजूला मेंदू. मोठ्या माणसांसाठी सहसा 4 मिलीमीटर जाडीची दुर्बीण वापरतात, लहान मुलांसाठी 2.7 मिलीमीटरची. आमच्या पुण्यातल्या छोट्या टीमकडे काम आलं ते असं: 3 मिलीमीटरहून बारीक नळीत शेजारी शेजारी दोन कॅमेरे बसवायचे, म्हणजे सर्जनला 3डी पडद्यावर खोली दिसेल. यांत्रिक भाग आणि लेन्स दुसऱ्यांकडे होत्या. माझ्याकडे एफपीजीए, म्हणजे कॅमेऱ्यांकडून येणारे बिट झेलून त्यांची चित्रं बांधणारी चिप. दोन चित्रं एकाच क्षणाची असली पाहिजेत, हीही जबाबदारी माझीच.

मला तो सगळ्यात सोपा भाग वाटला होता. पुढचे सात महिने त्यातच गेले.

आम्ही निवडलेला कॅमेरा नॅनआय जातीचा. पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरच्या अवाइबा कंपनीत तो जन्मला. लांबी-रुंदी 1 मिलीमीटर, त्यात 250 गुणिले 250, म्हणजे 62,500 पिक्सेल. तांदळाच्या दाण्याच्या टोकावर ठेवला तर तिथेच राहील एवढासा. पाठीमागे चार ठिपके, त्यांना चार तारा: एक वीजपुरवठ्याची, एक ग्राउंडची आणि दोन डेटाच्या. बस.

मोठ्या कॅमेऱ्यांना एक जास्तीची तार असते, जिच्यावर आपण ठोका देतो आणि कॅमेरा त्या ठोक्याला चित्र घेतो. इथे ती नाही. एकेका तारेनं केबल जाड होते, आणि चिपच्या पाठीवर पाचवा ठिपका बसवायला जागाही नाही. त्यामुळे कॅमेऱ्याच्या पोटातच त्याचं स्वतःचं घड्याळ आहे. वीज दिली की तो आपल्या चालीनं चित्रं पाठवायला लागतो, सेकंदाला साधारण 44. त्याला कोणी विचारत नाही, तोही कोणाचं ऐकत नाही. दोन चित्रांच्या मध्ये थोडी विश्रांती असते. तेवढ्यात त्याच डेटाच्या तारांवरून उलट दिशेनं आपण त्याला सेटिंग पाठवू शकतो: उजेड किती वेळ घ्यायचा (एक्स्पोजर), आलेला संकेत किती वाढवायचा (गेन). "आता सुरू कर" असं सांगायची सोय त्यात नाही.

आमच्याकडे सल्लागार म्हणून येणारे एक सर वरळीच्या दूरदर्शन केंद्रातून निवृत्त झालेले. मी अडचण सांगितल्यावर त्यांनी वहीत एक रेघ काढली. "स्टुडिओत आमचे चार-पाच कॅमेरे असायचे. सगळ्यांना एकाच जनरेटरकडून सिंक, म्हणजे सामायिक ठोका, जायचा. 64 मायक्रोसेकंदांची एक ओळ, 625 ओळींची फ्रेम, प्रत्येक कॅमेरा त्यालाच बांधलेला. जेनलॉक म्हणायचो आम्ही. तुझ्या कॅमेऱ्यात सिंक घ्यायला दारच नाही." मग थोडा वेळ वहीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग त्याच्या घड्याळाची चाल कशावर अवलंबून आहे, ते शोध."

शोधायला फार लांब जावं लागलं नाही. अशा चिपमधलं घड्याळ म्हणजे गोल साखळीत जोडलेली उलटी गेटं, शून्याचं एक आणि एकाचं शून्य करणारी. पहिलं दुसऱ्याला ढकलतं, दुसरं तिसऱ्याला, शेवटचं पुन्हा पहिल्याला. प्रत्येक टप्प्याला लागणारा वेळ व्होल्टेजवर अवलंबून असतो, तापमानावर असतो, आणि ती चिप कारखान्यात नेमकी कशी उतरली यावरही असतो. एकाच रिळातून काढलेले दोन कॅमेरे मी शेजारी लावले. एक सेकंदाला 44.0 फ्रेम देत होता, दुसरा 43.6.

ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विजेचे संकेत रेघांनी दाखवणाऱ्या यंत्रावर, दोन्हींच्या फ्रेमची सुरुवात लावली. पिवळी रेघ स्थिर ठेवली की निळी हळूहळू सरकत जायची, पिवळीला गाठायची, ओलांडायची आणि अडीच सेकंदांनी पुन्हा त्याच जागी यायची. मी किती वेळ ते बघत बसले कोण जाणे. मला ते ओळखीचं वाटत होतं.

मी मिरजेची. आमच्या मागच्या गल्लीत तंबोरे-सतारींची दुकानं होती. शाळेतून येताना तंबोरा जुळवताना रोज ऐकू यायचा. मधल्या दोन तारांची जोड लावताना आधी दोन सूर एकमेकांवर आपटतात, वँव-वँव-वँव असं आंदोलन येतं. सूर जवळ आले की आंदोलन संथ होतं, आणि नेमके जुळले की थांबतं. आंदोलनाचा वेग म्हणजेच दोन सुरांतला फरक. माझ्या पडद्यावर अडीच सेकंदांचं आंदोलन चाललं होतं. वर्षानुवर्षं कानानं ऐकलेलं आता डोळ्यांनी दिसत होतं. जुळवणारे काका आधी खुंटी पिळून तार जवळ आणायचे आणि मग तारेखालचा मणी केसभर सरकवायचे, हेही तेव्हा आठवलं. पुढे त्याचा उपयोग झाला.

"अर्धी फ्रेम इकडेतिकडे झाली तर काय मोठं बिघडतं?" असं आमच्या बैठकीत एकानं विचारलं. प्रश्न रास्त होता. मी तिथेच हिशोब मांडला. अर्धी फ्रेम म्हणजे 11 मिलिसेकंद. डॉक्टर दुर्बीण हलवतात, धरू की टोक सेकंदाला 20 मिलीमीटर आडवं सरकतंय. मग दोन चित्रांच्या मधल्या वेळात ते 0.22 मिलीमीटर सरकलं. आपले दोन कॅमेरे एकमेकांपासून 1.2 मिलीमीटरवर आहेत, समोरची जागा 20 मिलीमीटरवर. खोली काढायच्या सूत्रात 0.22 ला 20 नं गुणायचं आणि 1.2 नं भागायचं. उत्तर येतं साडेतीन मिलीमीटरहून जास्त. जिथे हाड कागदाइतकं आहे, तिथे खोली साडेतीन मिलीमीटरनं चुकते. आणि ती एकाच बाजूला चुकत नाही. दोन कॅमेऱ्यांच्या वेळेतलं अंतर अडीच-अडीच सेकंदांच्या फेऱ्यात बदलत राहतं, त्यामुळे चूकही फुगते आणि ओसरते. म्हणजे सर्जन ज्या हालचालीवरून इतकी वर्षं खोली ओळखत आला, नेमकी तीच हालचाल आमच्या यंत्रात खोली बिघडवणार होती.

त्यानंतर तो प्रश्न पुन्हा कोणी विचारला नाही.

वाट सापडली ती मदेइरातल्याच संशोधकांच्या 2015 सालच्या एका शोधनिबंधात. कॅमेरा ठोका घेत नसेल तर त्याचं व्होल्टेज बदला. पुरवठा किंचित वाढवला की घड्याळ पळतं, कमी केला की रेंगाळतं. एक कॅमेरा प्रमुख मानायचा, बाकीच्यांनी त्याच्या ओळीचा आणि फ्रेमचा वेळ बघून आपली चाल सुधारायची. त्यांनी एका बोर्डावर आठपर्यंत कॅमेरे असे बांधायची पद्धत दाखवली होती. मला दोनच बांधायचे होते. निबंध वाचून झाला तेव्हा मन हलकं झालं. पण आपल्या टेबलावरच्या तारांना, आपल्या उष्णतेला आणि आपल्या चुकांना तो निबंध ओळखत नव्हता.

आधी मोजणी. कॅमेऱ्याची एक ओळ साधारण 90 मायक्रोसेकंदांची. माझ्या बोर्डावर 100 मेगाहर्ट्झचं क्रिस्टलचं घड्याळ, म्हणजे एका ओळीत सुमारे 9,000 ठोके. दर फ्रेममध्ये ओळींचे ठोके मोजायचे, सरासरी काढायची, दोन कॅमेऱ्यांतला फरक घ्यायचा आणि त्या फरकानुसार डॅकमधून, म्हणजे आकड्याचं व्होल्टेज करणाऱ्या चिपमधून, व्होल्टेज हलवायचं. कागदावर एवढंच.

पहिला आठवडा एका भुतानं खाल्ला. मोजणी तासन्‌तास व्यवस्थित चालायची आणि मध्येच एखादा आकडा वेडावाकडा यायचा. 9,000 च्या जागी 18,000, कधी 4,000 च्या आसपास. मोजून व्होल्टेज सुधारत राहणारा माझा लूप त्या खोट्या आकड्यावर विश्वास ठेवून व्होल्टेजला धक्का द्यायचा आणि चित्र उडायचं. कारण अगदी पुस्तकी होतं. कॅमेऱ्याचं घड्याळ वेगळं, माझं क्रिस्टल वेगळं. "ओळ सुरू झाली" हा संकेत एका घड्याळाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत येताना नेमका कुंपणावर सापडला, तर तो झेलणारा फ्लिप-फ्लॉप, म्हणजे एक बिट धरून ठेवणारं सर्किट, ना शून्य ना एक, असा अधांतरी राहतो. त्यासाठी संकेत दोन फ्लिप-फ्लॉपमधून ओळीनं न्यायचा, हे कॉलेजात शिकवतात. मी एका कॅमेऱ्यासाठी ते केलं होतं, दुसऱ्यासाठी नव्हतं. कोड नकलताना राहून गेलं होतं. सापडलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि दुरुस्ती दोन ओळींची होती.

मग लक्षात आलं की पूर्ण फ्रेमचा वेळ मोजून चालणार नाही, ओळींचाच मोजला पाहिजे. निबंधातही ओळच मोजली होती, पण कारण मला टेबलावर कळलं. दोन चित्रांमधल्या विश्रांतीत कॅमेरा डेटा पाठवणं थांबवतो, त्यामुळे त्याची विजेची ओढ कमी होते. आमची केबल दोन मीटरची, आत केसासारख्या तारा, त्यांचा रोध काही ओहम. कॅमेरा बोलत असताना वाटेत वीस-तीस मिलिव्होल्ट खर्च होतात, गप्प झाला की तेवढे परत मिळतात. म्हणजे विश्रांतीत त्याचं घड्याळ आपोआप थोडं पळतं. हा भाग मोजणीत धरला की केबल बदलली तरी आकडा बदलतो. ओळींचा वेळ मात्र खरं सांगतो.

व्होल्टेज कधी बदलायचं, हेही असंच शिकले. सुरुवातीला गणित झालं की लगेच बदलत होते, फ्रेमच्या मध्ये कुठेही. चित्रात आडवी शिवण दिसायला लागली, वरचा भाग एका उजेडाचा, खालचा किंचित वेगळ्या. साहजिकच आहे. ज्या पुरवठ्यावर घड्याळ चालतं त्याच पुरवठ्यावर पिक्सेलही जगतात. तेव्हापासून नियम केला: व्होल्टेज विश्रांतीतच हलवायचं आणि एका वेळी काही मिलिव्होल्टच. खुंटी एकदाच पिळायची, सुरू होताना. त्यानंतर सगळं मण्यावर.

एवढं झाल्यावर चाल जुळली. ऑसिलोस्कोपवर निळी रेघ थांबली. पण भलत्याच जागी थांबली, पिवळीच्या आठ मिलिसेकंद मागे, आणि तिथेच राहिली. दोन घड्याळं एकाच वेगानं चालतात, पण एकात दहा वाजलेत आणि दुसऱ्यात सव्वादहा, तसं. वेग जुळणं आणि वेळ जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला माहीत होतं, तरी ती थांबलेली रेघ बघून मन खट्टू झालं.

वेळ जुळवायला मागच्या कॅमेऱ्याला थोडा वेळ मुद्दाम जोरात पळवायचं आणि जवळ आला की लगाम ओढायचा. एक टक्का जोरात पळवलं तर दर फ्रेमला 0.227 मिलिसेकंद भरून निघतात. पूर्ण अर्ध्या फ्रेमची तूट भरायला पन्नास फ्रेम लागतात, म्हणजे सव्वा सेकंदाच्या आत. सर्जनला तेवढं थांबायला हरकत नव्हती. माझ्या पहिल्या कोडमध्ये तो नेहमी पुढेच पळायचा, तूट फ्रेमच्या तीन चतुर्थांश असली तरी. मग सुधारलं: अर्ध्याहून जास्त मागे असेल तर आणखी मागे जाऊ द्यायचं आणि पुढच्या फ्रेमला गाठायचं. आणि बरोबर अर्ध्यावर असेल तर? तिथे तो या बाजूला की त्या बाजूला असा घुटमळायचा. त्याला एकदा ठरवलेली दिशा जुळेपर्यंत न बदलण्याची अट घातली. ही अट सुचायला दोन दिवस गेले.

आता उजेडाचं. टोकाशी एक लहानसा एलईडी होता. सतत पेटता ठेवला की टोक तापायचं, आणि शरीराला लागणारा भाग 41 अंशांपुढे जाऊ द्यायचा नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. शिवाय हा कॅमेरा चित्र एकदम घेत नाही, ओळीओळीनं घेतो. वरची ओळ आधी, खालची वीस मिलिसेकंदांनी. हलती गोष्ट त्यात तिरकी होते. दोन्हींवर एकच उपाय दिसला: विश्रांतीच्या वेळात, जेव्हा सगळ्या ओळींचे डोळे उघडे असतात, तेव्हाच एलईडीला एक छोटा, तीव्र झटका द्यायचा. नाकाच्या आत दुसरा उजेड नाहीच. म्हणजे सगळ्या ओळींना एकाच क्षणाचा प्रकाश मिळतो.

झटका डाव्या कॅमेऱ्याच्या विश्रांतीला बांधला. डाव्याचं चित्र काचेसारखं स्वच्छ आलं. उजव्यात चार-पाच ओळींचा काळा पट्टा. झटका आला तेव्हा ज्या ओळींचे डोळे मिटलेले होते, त्या ओळी काळ्या. लूप बंद केला की पट्टा चित्रभर वर चढत जायचा, अडीच सेकंदांत एक फेरी. लूप चालू केला की थबकायचा, मग हळूहळू कडेकडे सरकायचा आणि चौकटीबाहेर जायचा. ऑसिलोस्कोपची गरजच राहिली नाही. खोलीत कोणीही आलं तरी नुसत्या डोळ्यांनी सांगू शकत होतं की कॅमेरे जुळलेत की नाहीत. तो पट्टा मला आजही दिसला पाहिजे, असं वाटतं. इतकं सरळ बोलणारं दुसरं मोजमाप मला मिळालं नाही.

मग एका दुपारी, वीसेक मिनिटं नीट चालल्यावर, पट्टा परत आला. चौकटीच्या कडेवरून आत डोकावला आणि सावकाश वर चढायला लागला. कोडमध्ये काही बदललं नव्हतं. डॅकचा आकडा बघितला तर तो वरच्या मर्यादेला टेकला होता. उजवा कॅमेरा एलईडीच्या अगदी लगत, तो जास्त तापायचा, तापला की त्याचं घड्याळ मंदावायचं. त्याला डाव्याबरोबर ठेवायला लूप व्होल्टेज वाढवत गेला, वाढवत गेला, आणि जागा संपली. मुळातही तोच दोघांतला मंद होता, हे मी पहिल्या दिवशीच मोजलं होतं. 44.0 आणि 43.6. तरी प्रमुख नेमला होता तो वेगवान कॅमेरा, कारण तो डाव्या बाजूला होता आणि कनेक्टरवर त्याचा नंबर पहिला होता.

उलट केलं. मंद असेल तो प्रमुख, वेगवान असेल त्यानं खाली यायचं. पळणाऱ्याला थांबवायला नेहमी जागा असते, दमलेल्याला पळवायला नसते. आणि दोघांची सामायिक चालही थोडी खाली आणली, म्हणजे दोन्ही व्होल्टेजं आपापल्या मर्यादांच्या मध्यावर राहतील. आता यंत्र सुरू होताना आधी दोन्ही कॅमेऱ्यांची मोकळी चाल मोजतं आणि प्रमुख कोण ते स्वतः ठरवतं. 37 अंशांच्या पाण्यात दुर्बीण बुडवून रात्रभर ठेवली. सकाळी पट्टा बाहेरच होता.

ऊतकांवरची पहिली चाचणी एका प्रशिक्षण प्रयोगशाळेत झाली. नाकाच्या शस्त्रक्रिया शिकताना बकऱ्या-मेंढ्यांच्या डोक्यावर हात बसवतात. डॉक्टरांनी सकाळीच मटण मार्केटमधून एक मुंडकं आणवलं होतं. 3डी पडदा, चष्मे, सगळं मांडलं. पहिली पाच मिनिटं सुरेख गेली. मग डॉक्टरांनी कॉटरीचा, म्हणजे विजेनं ऊतक जाळून रक्तस्राव थांबवणाऱ्या उपकरणाचा, पेडल दाबला आणि उजवं चित्र फुटलं. पेडल सोडल्यावर चित्र आलं, पण जुळणी गेलेली, पडद्यावर सगळं पोहत होतं. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "गरगरतं असं," एवढंच म्हणाले.

कॉटरी काही शे किलोहर्ट्झवर चालते आणि तिचा व्होल्टेज मोठा असतो. आमच्या दोन मीटरच्या बारीक तारा तिच्यापुढे अँटेनाच. काही बिट बिघडणार हे आम्ही गृहीत धरलं होतं, एखादी फ्रेम गेली तर गेली. पण मी गृहीत न धरलेली गोष्ट अशी की बिट बिघडले की ओळींची मोजणीही बिघडते, आणि लूप त्या बिघडलेल्या मोजणीनुसार इमानेइतबारे व्होल्टेज हलवतो. अर्ध्या सेकंदाच्या गोंगाटानं तो कॅमेऱ्याला कुठल्या कुठे नेऊन ठेवायचा. कॉटरीनं कॅमेऱ्याच्या चालीला फारसं काही केलंच नव्हतं. चाल बिघडवली माझ्या लूपनं.

केबलचं शिल्डिंग सुधारलं, ते करायचंच होतं. खरा फरक पडला तो लूपला गप्प राहायला शिकवल्यावर. एका फ्रेममधल्या ओळींचा मध्यक घ्यायचा, सरासरी नाही. मागच्या फ्रेमपेक्षा आकडा अशक्य वाटण्याइतका वेगळा असेल तर तो मानायचाच नाही, व्होल्टेज होतं तिथे गोठवून ठेवायचं आणि किती फ्रेम गोठवलं ते मोजत राहायचं. सिलिकॉनचं तापमान अर्ध्या सेकंदात फार बदलत नाही. तेवढा वेळ दोन्ही कॅमेरे आपल्या शेवटच्या चालीवर जवळजवळ जुळलेले राहतात.

यानंतर सगळं ठीक असताना खोली पुन्हा पोहायला लागली, तेव्हा मात्र मला रडू यायचं बाकी होतं. पट्टा बाहेर. ऑसिलोस्कोपवर दोन रेघा एकमेकींवर. तरी पडद्यावर खोली चुकते. मोटरवर कागदाची चकती लावली, तिच्यावर स्केचपेननं एक काळी रेघ, वेग मिनिटाला 300 फेरे. दोन्ही कॅमेऱ्यांची चित्रं शेजारी ठेवून कोनमापकानं मोजलं. रेघ दोन चित्रांत 41 अंशांनी वेगळी. सेकंदाला पाच फेरे म्हणजे 1,800 अंश, आणि 41 अंशांना लागतात 22.8 मिलिसेकंद. बरोबर एक फ्रेम, ना कमी ना जास्त.

कॅमेरे जुळलेलेच होते. पीसी जोड्या चुकीच्या लावत होता. यूएसबीवर डावीकडची एक फ्रेम कधीतरी गळली होती, आणि तेव्हापासून डाव्याची 501 वी फ्रेम उजव्याच्या 500 व्या फ्रेमशी जोडली जात होती. पीसी आलेल्या क्रमानं जोड्या लावायचा आणि मी त्याच्यावर सोडून दिलं होतं. आता एफपीजीए चित्राच्या पहिल्या ओळीआधी फ्रेमचा नंबर लिहितो, दोन्ही कॅमेऱ्यांना एकाच मोजणीतून, आणि नंबर जुळला तरच जोडी पडद्यावर जाते. नाही जुळला तर आधीची जोडी आणखी एक फ्रेम तशीच राहते, कोणाच्या लक्षातही येत नाही. दूरदर्शनवाले सर हे ऐकून म्हणाले, "टेपवर आम्ही टाइमकोड लिहायचो तो याचसाठी." हे त्यांना सहा महिन्यांपूर्वी विचारायला हवं होतं.

दुसरी चाचणी त्याच प्रयोगशाळेत, पुन्हा मार्केटमधून आणलेलं मुंडकं. डॉक्टरांनी चष्मा लावला, दुर्बीण आत घातली आणि सवयीनं पुढेमागे करायला लागले. मी पडद्याकडे पाहत नव्हते. शेजारच्या लॅपटॉपवर दोन आकडे होते, ते बघत होते: फेजमधला, म्हणजे दोन फ्रेमच्या सुरुवातीच्या वेळांतला, फरक आणि गोठवलेल्या फ्रेम. फरक एका ओळीच्या आत होता, म्हणजे 90 मायक्रोसेकंदांहून कमी. थोड्या वेळानं मान वर केली तर डॉक्टरांचा डावा हात स्थिर होता. उजव्या हातातला चिमटा नाकातल्या एका पातळ पडद्याच्या काठाशी सरळ जाऊन टेकला, मध्ये चाचपडला नाही. तुकडा निघाला, त्यांनी तो कापसावर ठेवला.

"कॉटरी लावतोय," ते म्हणाले.

पेडल दाबल्याचा आवाज आला. चित्रावर क्षणभर बारीक दाणे उठले आणि विरले. गोठवलेल्या फ्रेमचा आकडा शून्यावरून चौदावर गेला आणि थांबला. फेजचा फरक एका ओळीच्या आतच होता.

"डॉक्टर, पुन्हा एकदा दाबाल का? जरा जास्त वेळ?" मी म्हटलं, आणि वहीत चौदा लिहून घेतले.